हायब्रीडच्या फळातलं बी रोपासाठी आणण्याआधी एवढं वाचा

(खानापूर रोडवरच्या आमच्या रोपवाटिकेत तरू (लावणीची रोपं) करून घेणाऱ्या शेतकऱ्यांसाठी. कन्नड प्रत काउंटरवर आहे, मागून घ्या.)

"बी आमचंच हाय की, तुम्ही नुसतं तरू करून द्या." वळीव पडायला लागला की हे वाक्य आम्हाला रोज ऐकू येतं. कुणी टोमॅटोचं बी राखेत वाळवून आणतं, कुणी लाल मिरच्याच पिशवीत घालून आणतं. गेल्या हंगामात प्लॉट चांगला साधलेला असतो, फळ बाजारात उठून दिसलेलं असतं, मग त्यातलंच बी धरावं असं कुणालाही वाटणारच. आम्ही ट्रे भरतो, बी टोकतो, तरू शेतात जातं. दोन महिन्यांनी फोन येतो: "अण्णा, तुमच्या रोपात भेसळ आहे."

भेसळ नसते. बी तुमचंच असतं आणि तरूही त्याच बियाचं असतं. गडबड होते ती बी ज्या फळातलं आहे तिथे. हे प्रत्येकाला काउंटरवर उभं करून समजावताना मागे रांग लागते आणि समजावलेलं घरी जाईपर्यंत अर्धं विसरलं जातं, म्हणून हा कागद छापला.

हायब्रीडच्या बियाचे गुण दुसऱ्या वर्षी का फुटतात

प्रत्येक झाडाला प्रत्येक गुणाची दोन जनुकं असतात, एक आईकडून आणि एक बापाकडून. सरळ वाणात, म्हणजे हायब्रीड नसलेल्या वाणात, ही जोडी बहुतेक ठिकाणी सारखीच असते, म्हणून त्याची पुढची पिढी आईबापासारखी निघते. हायब्रीड हा दोन वेगळ्या, शुद्ध केलेल्या ओळींचा संकर. आईची ओळ एका बाबतीत तगडी, बापाची दुसऱ्या बाबतीत. त्यांचं पहिल्या पिढीचं बी म्हणजे तुम्ही विकत घेता ते पाकीट. त्यातल्या प्रत्येक बियात आईचा एक आणि बापाचा एक असाच संच असतो, म्हणून सगळी झाडं एकसारखी येतात आणि वर संकराचा जोमही मिळतो.

ही झाडं फुलावर आली की ते संच पत्ते पिसल्यासारखे मिसळतात आणि प्रत्येक नव्या बियाच्या वाट्याला वेगळा हात येतो. हे काही नवीन संशोधन नाही. ग्रेगोर मेंडेल नावाच्या पाद्र्यानं ब्रनो गावच्या मठातल्या बागेत वाटाण्यावर प्रयोग करून १८६६ मध्ये ते छापलं. गोल दाण्याचा वाटाणा आणि सुरकुतलेल्या दाण्याचा वाटाणा यांचा संकर केला तर पहिल्या पिढीत सगळे दाणे गोल. त्या झाडांवर जे ७३२४ दाणे धरले त्यात गोल निघाले ५४७४ आणि सुरकुतलेले १८५०, म्हणजे जवळजवळ तीनास एक. सुरकुतलेपणा एक पिढी लपून बसला होता, गेला नव्हता. त्या माणसाचं म्हणणं जगानं १९०० सालापर्यंत मनावर घेतलं नाही, तेव्हा आमचं कुणी एका बैठकीत ऐकलं नाही तर आम्ही राग धरत नाही.

वाटाण्याच्या त्या हिशेबात गुण एकच होता. तुमच्या टोमॅटोत असे गुण कितीतरी असतात. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा अर्का रक्षक हा टोमॅटो पानमुरड विषाणू, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्हींना दाद देत नाही म्हणून नावाजला गेला. तोही हायब्रीडच. आता समजा एखाद्या हायब्रीडमध्ये अशा तीन रोगांची ताकद तीन वेगवेगळ्या प्रभावी (जोडीत एकच असलं तरी गुण दाखवणाऱ्या) जनुकांत आहे आणि प्रत्येकाची एकच प्रत झाडात आहे. त्याच्या फळातलं बी लावलं तर तिन्ही रोगांना टिकणारी झाडं निघतात ६४ पैकी २७. निम्म्याहून कमी. प्रत्यक्षात काही गुणांचा हिशेब याहून किचकट असतो, पण दिशा हीच. शिवाय संकरामुळे आलेल्या जोमाचा फायदा पुढच्या पिढीत साधारण निम्म्यावर येतो. खत, पाणी, सुतळी, मजुरी मात्र पूर्ण द्यावी लागते.

नुसतं वाचून पटत नाही, म्हणून शेडच्या मागे हायब्रीड टोमॅटोच्या फळातून काढलेल्या बियाची एक ओळ आम्ही मुद्दाम लावतो. केव्हाही या, बघा. एक झाड कमरेला येऊन थांबलेलं, त्याच्या शेजारचं वरच्या तारेच्याही वर गेलेलं. एकाचं फळ गोल, दुसऱ्याचं लांबट, तिसऱ्याच्या देठाजवळ फळ पिकलं तरी हिरवा पट्टा राहतो. मधेच एखादं झाड पानं मुरडून बसलेलं असतं. एखाद्या झाडावर फार देखणी फळं लागतात, तेही खरं, आणि लोक नेमकं त्याच झाडासमोर उभं राहून "हे बघा की, किती झकास" म्हणतात. पण बाजारात क्रेट भरायचा असतो तो अख्ख्या ओळीचा. दलाल मालाची प्रत बघून दर लावतो, तुमचं एक झाड बघून नाही.

मग आजोबा घरचंच बी धरत होते ते?

हा प्रश्न रास्त आहे. त्यांच्याकडे हायब्रीड नव्हतं, सरळ देशी वाण होते. येळ्ळूर भागातला बासमती घ्या. भात स्वतःच्याच परागानं फळतं, दुसऱ्या शेतातला पराग त्यात क्वचितच शिरतो, म्हणून लोंब्या निवडून ठेवल्या की पुढच्या साली तेच भात. भुईमूग, हरभरा, सोयाबीन यांचंही तसंच. यांचं घरचं बी धरायला आमची काही हरकत नाही, उलट ते निवडून कसं ठेवायचं तेही सांगू.

मिरचीचं थोडं वेगळं. संकेश्वरी असो नाहीतर ब्याडगी, हे वाण म्हणजे एकाच साच्यातली झाडं नव्हेत. ब्याडगीतसुद्धा कड्डी आणि डब्बी असे प्रकार आहेत. एका शेतात उभ्या असलेल्या देशी मिरचीत उंची, पानाची लव, फळाची सुरकुती, तिखटपणा यांत थोडाथोडा फरक असतोच आणि तोच तिचा आधार. जांबोटीकडच्या झडीत काही झाडं कुजतात, काही तगतात. तगलेल्यांचं बी दरवर्षी धरलं की हळूहळू त्या शेतातली मिरची त्या पावसाला सरावत जाते. अथणीकडच्या कोरड्या रानात हेच उलट्या दिशेनं होतं. शेतकऱ्यानं निवड केली आणि रानानंही केली, असं पिढ्यान् पिढ्या चाललं म्हणून हे वाण घडले. प्रयोगशाळेत ते कुणी बनवले नाहीत.

पण हे टिकवायचं तर बी पुष्कळ झाडांवरून घ्यायला हवं. परड्यातल्या दोनचार मिरच्यांचं, एकाच दोडक्याचं बी वर्षानुवर्षं फिरवत राहिलं की काही गुण केवळ नशिबानं गळतात, चांगला-वाईट काही न बघता. एकदा गेलेला गुण त्या बियात पुन्हा येत नाही. कांदा, मका यांच्यात तर जवळच्या नात्यातच संकर होत राहून झाडं खुरटतात. आम्ही सांगतो, पन्नासेक तरी निरोगी झाडं उभ्या पिकात हेरा, त्यांना दोरा बांधा आणि त्यांचंच बी एकत्र करा. फळ नव्हे, झाड निवडा. बांधाकडेच्या किंवा पाटाजवळच्या झाडाचं फळ मोठं दिसतं ते पाण्यामुळे, आणि पाणी काही बियात उतरत नाही. मोंढ्यात ढिगातली मोठी मिरची उचलून बी धरणाऱ्यांना त्या झाडाचं काहीच माहीत नसतं.

शिवाय मिरचीत मधमाश्या बरीच ढवळाढवळ करतात. शेजारी वेगळा वाण असेल तर तुमच्या बियात त्याचा बाप शिरतो. बियाणं प्रमाणित करताना मिरचीच्या प्लॉटभोवती २०० ते ४०० मीटर अंतर मोकळं धरतात ते याचसाठी. तेवढी जागा कुणाकडे असते? निदान मधली झाडं निवडा, आणि फुलं उमलण्याआधी दोनचार फांद्यांवर मलमलीची पिशवी बांधली तर आणखी बरं.

शेजारच्या तिखट मिरचीनं सिमला तिखट झाली का?

नाही. हा आरोप आमच्या रोपावर फार येतो. सिमला मिरचीचं फळ, त्याची साल, आतला गर हे सगळं आईच्या झाडाचं अंग आहे. पराग कुणाचाही पडो, त्या वर्षीच्या फळाची चव बदलत नाही. बदलेल ते आतलं बी, आणि ते लावलंत तर पुढच्या वर्षी तिखट मिरची मिळेल, कारण तिखटपणाचं जनुक प्रभावी असतं. मक्याची गोष्ट मात्र उलटी. तिथे आपण दाणाच खातो आणि दाण्याच्या गरात बापाचा वाटा असतो. स्वीट कॉर्नच्या शेजारी साधा मका एकाच वेळी तुऱ्यावर आला तर त्याच हंगामात गोड कणसात पिठूळ दाणे भरतात. स्वीट कॉर्न लावणाऱ्यांनी शेजाऱ्याला विचारून पेरणी पुढेमागे करावी.

पपई

"सगळी मादीच द्या" अशी मागणी असते. रोप बघून नर-मादी ओळखता येत नाही, फुलावर आल्यावरच कळतं. ज्या पपईत नर आणि मादी झाडं वेगळी असतात, तिच्या बियांतून साधारण निम्मे नर निघणार, त्याला आमचा इलाज नाही. तैवान ७८६ सारख्या जातीत फळ धरणारं उभयलिंगी झाड असतं. त्याच्या स्वतःच्या परागावर धरलेल्या बियांतून साधारण दोन उभयलिंगी आणि एक मादी असं प्रमाण येतं, नर येत नाही. पण उघड्या शेतात पराग कुणाचा पडला हे सांगता येत नाही आणि जात हायब्रीड असल्यामुळे बाकीचे गुणही फुटतात ते वेगळंच. दुकानातून आणलेल्या पपईचं बी आम्ही आता घेत नाही. खड्ड्यात दोनतीन रोपं लावून फुलावर आल्यावर एक ठेवायचं, ही जुनी पद्धत अजूनही सगळ्यात शहाणपणाची.

बटाटा, ऊस, आंबा-काजूची कलमं यांच्या बाबतीत हा प्रश्न उद्भवत नाही. कांडी, डोळा किंवा काडी लावली की झाड तेच राहतं, ८६०३२ ऊस गावोगावी तोच आहे. कडोलीकडच्या मंडळींचा बटाटा दरवर्षी घसरतो तो गुण फुटल्यामुळे नव्हे, बेण्यात विषाणू साठत गेल्यामुळे. हापूसची कोय मात्र लावू नका. झाड येईल, आंबेही लागतील, पण हापूस लागेलच असं नाही. कलमं आमच्याकडे जूनपासून मिळतात.

पाकीट महाग का, आणि आमचा त्यात काय स्वार्थ

आमच्याकडे पाकिटं विकायला आहेत, त्यामुळे आमच्या बोलण्याकडे तुम्ही संशयानं बघणार हे कळतं. टोमॅटोचं हायब्रीड बी तयार करताना मादी ओळीच्या प्रत्येक कळीतले परागकोश चिमट्यानं काढायचे, दुसऱ्या दिवशी नर ओळीचा पराग हातानं लावायचा, अशी एकेका फुलाची मजुरी असते. आपल्याच राज्यात, कर्नाटकातल्या राणेबेन्नूर भागात हे काम मोठ्या प्रमाणावर चालतं. दर तिथून सुरू होतो. आणि बी धरायला कायद्याची आडकाठी आहे असंही आम्ही कधी सांगणार नाही. २००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यानं शेतकऱ्याला आपल्या शेतातलं बी ठेवायचा, पेरायचा, बदलायचा, विकायचाही हक्क दिला आहे, फक्त संरक्षित वाणाचं बी ब्रँड लावून विकता येत नाही. ज्याला दरवर्षी पाकीट नको त्यानं सरळ वाणाकडे वळावं. भेंडीत अर्का अनामिका, मिरचीत ब्याडगी आणि संकेश्वरी आमच्याकडे असतात, त्यांचं बी एकदा घेऊन नीट निवडत गेलात तर आमच्याकडे नुसते ट्रे करायला आलात तरी चालेल.

हायब्रीड पाकिटाच्या रोपात एकसारखेपणा नसेल तर मात्र आम्हाला जरूर धरा. तिथे सगळ्या बियांची जनुकं सारखी असतात, म्हणून फरक दिसला तर कारण आमच्या शेडमधलं, तुमच्या रानातलं किंवा पाकिटातलंच असणार. लॉट नंबरसकट पाकिटाची रिकामी पिशवी जपून ठेवा. आम्ही रान बघायला येतो, चूक आमची निघाली तर ट्रे बदलून देतो. हायब्रीडच्या फळातून काढलेल्या बियाच्या ट्रेला ही हमी नाही. पावतीवर "घरचं बी, हायब्रीडपासून" असं लिहून तुमची सही घेतो, हमी फक्त उगवणीची. हट्टच असेल तर आधी एकच ९८ कपांचा ट्रे करून घ्या, अख्खा एकर त्यावर सोडू नका.

बी देताना वाणाचं नाव, कुठल्या सालचं आणि किती झाडांवरून काढलं एवढं सांगा. फळं आणू नका, सुकवलेलं बी आणा. टोमॅटोच्या लावणीआधी निदान २५ दिवस आणि मिरचीच्या आधी ४० दिवस नोंद लागते, निम्मे पैसे नोंदीच्या वेळी. शनिवारी बाजाराला आलात तर संध्याकाळी सहापर्यंत काउंटर उघडं असतं.