भगूर नाशिक महापालिकेत येतं का?

भगूर म्हणजे नाशिकचं उपनगर, तिथला कारभारही महापालिकाच बघते, असं पक्के नाशिककरसुद्धा छातीठोकपणे सांगतात. तसं नाही. भगूरला स्वतःची नगरपरिषद आहे. घरपट्टी, पाणीपट्टी तिथेच भरायची. महापालिकेत जाऊन रांग लावलीत तर हात हलवत परत याल.

1982 मध्ये महापालिका झाली तेव्हा नाशिक, सातपूर आणि नाशिकरोड-देवळाली या नगरपालिका तिच्यात गेल्या. भगूर बाहेरच राहिलं. घोळ खरा होतो तो ‘देवळाली’मुळे: देवळालीगाव महापालिकेत, देवळाली कॅम्प मात्र लष्करी छावणी म्हणून वसलेला. हा कॅम्प ओलांडला की भगूर, आणि भगूरकरांचं रेल्वे स्टेशनही देवळालीच!

2011 च्या जनगणनेत नाशिक 14 लाख 86 हजारांचं, तर भगूर जेमतेम 12 हजारांचं. पण दाटी बघा: भिंतीला भिंत लागून घरं, समोरून टेम्पो आला की दुचाकी ओट्याला टेकवायची. याच गल्ल्यांत 28 मे 1883 रोजी सावरकर जन्मले. त्यांचा जन्म ‘नाशिक शहरातला’ म्हणणंही त्यामुळे चूकच. जिल्हा नाशिक, गाव भगूर.