गणित चुकतंय की वाचन? नव्या शिक्षकांसाठी थोडं मेंदूविज्ञान

जूनमध्ये शाळा उघडल्या की पुण्यातले कितीतरी नवे शिक्षक पहिल्यांदा वर्गावर जातात. समोर कोणी वाचताना अडखळतं, कोणाला ऐकू कमी येतं, कोणाचे आईवडील बांधकामाच्या साइटवर आणि घरात मराठी अजिबात नाही. मग टेन्शन येतं की एवढ्या जणांसाठी वेगवेगळे धडे काढायचे कुठून? काढायचेच नाहीयेत, धडा तोच ठेवा, फक्त मूल नेमकं कुठे अडतंय ते शोधा.

चौथीच्या लेव्हलचं गणित घ्या. मार्केटयार्डात 24 रुपये किलोने 6 किलो कांदे घेतले, 200 ची नोट दिली, तर किती परत मिळतील? हळू वाचणारं मूल 'परत' पर्यंत पोचतं तोवर 24 डोक्यातून निसटलेले असतात. याचं कारण म्हणजे वर्किंग मेमरी, म्हणजे काम करताना गोष्टी तात्पुरत्या धरून ठेवायची डोक्यातली जागा. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलरने 1956 मध्ये सांगितलं की आपण एका वेळी साधारण 7 गोष्टी धरून ठेवतो, 2001 मध्ये नेल्सन कोवानने तो आकडा 4 च्या आसपास आणला, आणि लहान मुलांत तर तो अजून कमी. त्यातली बरीचशी जागा अक्षरं जुळवण्यातच गेली तर गुणाकाराला उरणार काय? तेच गणित मोठ्याने वाचून दाखवा, काही मुलं पटकन 56 सांगतात. अशा मुलाला गणितात कच्चं म्हणणं हा सरळसरळ अन्याय आहे.

वाचन मुळात अवघडच आहे, लिपी येऊन जेमतेम 5000 वर्षं झालीत, त्यामुळे त्यासाठी मेंदूत जन्मजात जागा नाही, ती सरावाने तयार होते. डिस्लेक्सियात, म्हणजे वाचायला शिकण्यातल्या अडचणीत, बहुतेकदा आवाज आणि अक्षर यांची जोडी पक्की बसत नाही, बुद्धीचा त्यात संबंध नसतो. त्यात आपल्या लिपीत पहिली वेलांटी ऐकायला नंतर आणि दिसायला आधी, 'विद्यार्थी' मधला र थी च्या आधी बोलायचा पण रफार थी च्या डोक्यावर! संख्यांचंही तेच, पंचवीस म्हणताना पाच आधी आणि लिहिताना 2 आधी, म्हणून पोरं 52 लिहितात. बालभारतीने 2019 मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'वीस पाच' असा पर्याय दिला तेव्हा केवढा गदारोळ झाला, पण मुलांची अडचण खरी होती हे मला आजही वाटतं.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत लर्निंग डिसॅबिलिटी, म्हणजे डिस्लेक्सियासारखी शिकण्यातली अडचण, आहे. निदान तज्ज्ञांनी करायचं, पण गणित वाचून दाखवायला सर्टिफिकेटची वाट कशाला बघायची?

आणि 'हा व्हिज्युअल लर्नर, ती ऑडिटरी लर्नर', म्हणजे हा बघूनच शिकतो, ती ऐकूनच शिकते, असे शिक्के मारू नका प्लीज. 2008 मध्ये मानसशास्त्रज्ञांनी यावरचं संशोधन तपासलं, त्या त्या स्टाइलने शिकवलं की जास्त समजतं याला पुरेसा पुरावा मिळाला नाही. चित्र, बोलणं, हातात मणी किंवा काड्या, हे सगळ्यांनाच द्या.

ऐकू कमी येणाऱ्या मुलाचं मात्र वेगळं असतं. मशीन लावलं म्हणजे झालं असं नसतं, त्यात बाईंच्या आवाजासोबत पंख्याची घरघर आणि रस्त्यावरचे हॉर्नही मोठे होतात. त्यामुळे त्याला रस्त्याकडच्या खिडकीपासून लांब, पुढे बसवा. आणि फळ्यावर लिहिताना बोलू नका, आधी लिहून घ्या, मग वर्गाकडे वळून बोला, कारण त्याला ओठ दिसावे लागतात.