सिंट मार्टेन (कंदिलांचा सण)

नेदरलँड्समध्ये ११ नोव्हेंबरच्या संध्याकाळी साजरा होणारा मुलांचा सण. तूर (फ्रान्स) येथील बिशप संत मार्टिन यांचे ३९७ मध्ये निधन झाले आणि ११ नोव्हेंबरला त्यांचे दफन झाले. हाच त्यांचा स्मरणदिन. ‘सिंट मार्टेन’ हे त्यांच्याच नावाचे डच रूप. रोमन सैन्यात असताना आमिएं शहराच्या वेशीवर थंडीने कुडकुडणारा भिकारी पाहून मार्टिनने तलवारीने आपला झगा कापला व अर्धा त्याला दिला, अशी कथा आहे.

नोव्हेंबरात तिथे पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. अंधार पडला की मुले हातात कंदील घेऊन घोळक्याने घरोघर निघतात. दार उघडले की आधी गाणे, मग खाऊ, असा रिवाज आहे. गायींना शेपट्या असतात, मुली झगे घालतात, असली यमके जुळवलेली ही गाणी लहानग्यांनाही तोंडपाठ असतात. गोळ्या-चॉकलेटांबरोबर संत्र्याच्या जातीची छोटी मँडरिन फळेही पिशवीत पडतात.

जुना कंदील बीटाचा. शेतातून साखरेचे किंवा गुरांच्या चाऱ्याचे मोठे बीट आणायचे, वरची चकती कापायची आणि आतला गर चमच्याने खरवडून काढायचा. गर कठीण असल्याने हे काम मोठ्यांनाही जड जाते. मग सालीवर चेहरा कोरायचा, पण आरपार नाही. आत पातळ पापुद्रा राहिला तर मेणबत्तीचा उजेड त्यातून लालसर-पिवळा झिरपतो. आता बहुतेक मुलांच्या हाती शाळेत केलेला कागदी कंदील आणि बॅटरीचा दिवा दिसतो. तो सुरक्षित आहे खरा, पण बीट कोरण्याची कला टिकायला हवी.

सुगी संपून हिवाळा तोंडावर आला की गरिबांनी दारोदार धान्य-सरपण मागावे, ही या फेरीमागची जुनी रीत. सोळाव्या शतकातील ख्रिस्ती धर्मसुधारणेनंतर (प्रॉटेस्टंट पंथ कॅथलिक चर्चपासून वेगळा झाल्यावर) प्रॉटेस्टंट धर्मगुरूंनी संतांचे सण मोडीत काढू पाहिले. तरीही ग्रोनिंगन, फ्रीसलँड, ड्रेंथ या प्रॉटेस्टंटबहुल उत्तरेकडच्या प्रांतांत हा सण आजही जोमात आहे, हे विशेष. संताची पूजा गेली, पण मुलांचे मागणे आणि शेजाऱ्यांचे देणे राहिले. उत्तर हॉलंडमध्येही तो घरोघरी पाळतात. दक्षिणेला कॅथलिक लिम्बुर्गमध्ये मिरवणुकीनंतर मोठी शेकोटी पेटवतात. उट्रेख्त शहराचा तर मार्टिन हा पालक संत. तेथील डोम चर्च त्याच्याच नावाचे असून शहरात कंदिलांची मिरवणूक निघते.