कमवा आणि शिका (सातारा)

घरची परिस्थिती नसलेल्या विद्यार्थ्याने वसतिगृहात राहून, अंगमेहनतीने आपला खर्च भागवत शिक्षण पुरे करण्याची पद्धत. कर्मवीर भाऊराव पाटील (२२ सप्टेंबर १८८७ – ९ मे १९५९) यांनी ती रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहांतून साताऱ्यात रुजवली. आज महाविद्यालयांत ‘कमवा आणि शिका’ म्हटले की ग्रंथालयात किंवा बागेत तास-दोन तास काम आणि महिन्याकाठी थोडे मानधन, एवढेच डोळ्यांसमोर येते. मूळ कल्पना त्याहून पुष्कळ मोठी होती.

भाऊरावांचा जन्म कुंभोजचा (जि. कोल्हापूर). ते स्वतः मॅट्रिक झाले नव्हते. पुढे किर्लोस्करांचे लोखंडी नांगर खपवण्यासाठी त्यांची खेडोपाडी फिरती झाली, आणि सत्यशोधक समाजाच्या कामामुळे शेतकऱ्यांत उठबसही होती. शाळा तालुक्याच्या गावी आणि पोर वाडी-वस्तीवर, ही अडचण त्यांना पुरती ठाऊक होती. शाळेत नाव घातले तरी मुलाने राहायचे कुठे, खायचे काय? म्हणूनच रयतेच्या इतिहासात वर्गाच्या आधी वसतिगृह येते. याची सुरुवात १९१० च्या सुमारास दूधगावच्या (आता जि. सांगली) विद्यार्थी आश्रमात झाली. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, विजयादशमीला, कऱ्हाड तालुक्यातील काले येथे संस्था स्थापन झाली आणि १९२४ मध्ये तिचे मुख्य ठाणे साताऱ्यास आले. त्या काळी आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग सातारा जिल्ह्यातच मोडत असे, त्यामुळे या कामाला दोन्ही जिल्हे आपलेच मानतात.

१९२४ मध्येच साताऱ्यात सुरू झालेल्या वसतिगृहाला २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ हे नाव मिळाले. सगळ्या जातिधर्मांची मुले तिथे एका छपराखाली राहत. दळण, स्वयंपाक, भांडी, झाडलोट, शेतातली कामे मुलेच करीत आणि एकाच पंगतीत जेवत. गावोगाव घरातून मूठ-मूठ धान्य काढून ठेवायचे आणि ते बोर्डिंगला द्यायचे, यासाठी ‘मुष्टिफंड’ होता. ज्या काळात पाणवठे वेगळे होते, त्या काळात सवर्ण आणि अस्पृश्य मुलांनी एकाच चुलीवर भाकरी भाजणे हाच मोठा पाठ होता. पुस्तकातल्या धड्यापेक्षा तो कमी मोलाचा मानता येणार नाही. श्रम सर्वांना सारखेच असल्यामुळे काम करून शिकणाऱ्याला कमीपणा येत नसे. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ या संस्थेच्या बोधवाक्याचा अर्थ या चुलीपाशी नीट कळतो.

या चुलीमागे लक्ष्मीबाई पाटील उभ्या होत्या. भाऊरावांना मुले ‘अण्णा’ म्हणत, लक्ष्मीबाईंना ‘वहिनी’. सोवळ्या-ओवळ्याच्या घरात वाढलेल्या या बाईंनी सर्व जातींच्या मुलांना पोटच्या पोरांसारखे जेवू घातले. कोठीत धान्य उरले नाही तेव्हा अंगावरचे दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही मोडले. १९३० मध्ये त्या गेल्या. योजनेच्या इतिहासात त्यांचे नाव भाऊरावांच्या नावाशेजारीच असायला हवे.

खेड्यांना शिक्षक हवेत म्हणून १९३५ मध्ये सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज निघाले. १९४० मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल झाले, आणि १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज. आता पदवीपर्यंतचा रस्ता खेड्यातल्या मुलासाठी खुला झाला. देणगीच्या बदल्यात कॉलेजचे नाव बदलण्याची सूचना भाऊरावांनी साफ नाकारली, ही आठवण साताऱ्यात अजून सांगितली जाते. १९५४ मध्ये कऱ्हाडला उघडलेल्या कॉलेजला त्यांनी नाव दिले ते कधी शाळेत न गेलेल्या गाडगे महाराजांचे.

याच बोर्डिंगात वाढलेले पी. जी. पाटील बॅरिस्टर झाले, परत येऊन शिवाजी कॉलेजचे प्राचार्य झाले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू. योजनेने काय साधले हे सांगायला हे एक उदाहरण पुरेसे आहे.

१९५९ मध्ये भाऊरावांना पद्मभूषण आणि पुणे विद्यापीठाची सन्माननीय डी. लिट. मिळाली, त्याच वर्षीच्या मे महिन्यात त्यांचे निधन झाले. त्याच विद्यापीठात ही योजना आता त्यांच्या नावाने चालते. साताऱ्यात २०२१ मध्ये स्थापन झालेल्या समूह विद्यापीठालाही कर्मवीरांचे नाव असून छत्रपती शिवाजी कॉलेज त्याचे घटक आहे. २२ सप्टेंबरला जयंतीच्या मिरवणुका निघतात, ९ मे रोजी पुण्यतिथीला साताऱ्यातील समाधीवर माणसे जमतात. त्यांत बोर्डिंगात भाकरी थापलेले जुने विद्यार्थीही असतात आणि ते एकमेकांशी बोलताना आजही ‘अण्णा’ असेच म्हणतात.