ठाण्याच्या थंडीत बी काय मोजतं?

नर्सरीत मिळणाऱ्या बियांच्या पाकिटावर मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलेलं असतं: पेरणीचा काळ, सप्टेंबर ते नोव्हेंबर. तेच पाकीट लुधियान्यात विकलं जातं, नाशकात विकलं जातं आणि ठाण्यातही. लुधियान्यात जानेवारीत रात्रीचा पारा ५-६ अंशांपर्यंत उतरतो. ठाण्यात तो १६-१८ च्या आसपास रेंगाळतो आणि दुपारी पुन्हा तिशी गाठतो. उपवन तलावाभोवती सकाळी कानटोप्या घालून फेऱ्या मारणारी मंडळी काहीही म्हणोत, फ्लॉवरच्या हिशेबात याला थंडी म्हणत नाहीत.

तरीही ठाणे-नवी मुंबईत हिवाळी भाजी होते, आणि छान होते. आपल्याकडचा हिवाळा थर्मामीटरवर कमी आणि बाकीच्या गोष्टींत जास्त दिसतो. हवा कोरडी होते, बुरशीचा जोर ओसरतो, ऊन तिरपं होऊन गॅलरीत आत येतं, रात्र लांबते. या प्रत्येक गोष्टीची दखल कोणतं ना कोणतं बी घेत असतं. कोणतं बी काय मोजतं हे एकदा कळलं की पाकिटावरचे महिने फारसे कामाचे राहत नाहीत.

सुरुवात मेथीपासून करावी, कारण तिचं बी विकत आणायलाच नको. फोडणीच्या डब्यातली चिमूटभर मेथी रात्री पाण्यात टाका आणि सकाळी एक दाणा बोटांत धरून बघा. तो टम्म फुगलेला असतो आणि चोळला की बुळबुळीत लागतो. सालाखाली गॅलॅक्टोमॅनन नावाच्या, शर्करेच्या लांब साखळ्यांचा थर असतो, त्याचा हा बुळबुळीतपणा. हा थर पाणी धरून ठेवतो, त्यामुळे वरची माती तासभर सुकली तरी आतला अंकुर कोरडा पडत नाही. मूळ बाहेर आलं की एन्झाइम कामाला लागतात आणि तोच थर विरघळवून रोपाला खाऊ घालतात. पाणी आणि शिदोरी एकाच गाठोड्यात. (नुसतं फुगणं मात्र जिवंतपणाचा पुरावा नाही. मेलेलं बीही पाण्यात फुगतंच. मूळ दिसलं तरच खरं.)

समुद्रमेथीचं रहस्य हेच. वाशी, ठाण्याच्या बाजारात रेती लागलेल्या मुळांसकट ज्या चिमुकल्या जुड्या मिळतात, ती काही वेगळी वनस्पती नाही. नेहमीचीच मेथी किनाऱ्याजवळच्या रेतीत दाट पेरायची आणि बोटभर वाढली की उपटायची. रेतीत अन्न जवळजवळ नसतंच, पण त्या वयात रोपाला ते लागतही नाही. ते बीजपत्रांवर जगत असतं. म्हणून खिडकीत, आइस्क्रीमच्या चपट्या डब्याला खाली भोकं पाडून, नुसत्या धुतलेल्या कोकोपीटमध्येही ती येते. खतबित काही नको.

धण्यांची गोष्ट निराळी. वाण्याकडून आणलेला अख्खा धणा म्हणजे दोन बिया पोटाला पोट लावून बसलेलं एक फळ असतं. अख्खा पेरला तर पाणी आत जायला वेळ लागतो आणि उगवण मागेपुढे होते. पोळपाटावर पसरून वरून लाटणं हलक्या हाताने फिरवलं की दोन फाका सुटतात. फाका सुटाव्यात, भरड होऊ नये. मग रात्रभर भिजवून पेरायचे. एवढं करूनही आठ-दहा दिवस कुंडीत काही दिसत नाही, आणि नेमके याच दिवसांत बहुतेक लोक हिरमुसून त्यात दुसरं काहीतरी पेरतात.

पालकाचं बी जरा भिंगाखाली बघण्यासारखं आहे. आपला देशी पालक हा बीटचा सख्खा भाऊ. विलायती स्पिनच ही वेगळी वनस्पती. पालकाचं आणि बीटचं बी शेजारी ठेवलं तर ओळखताना गडबड होईल इतकं सारखं: ओबडधोबड, कोनाकोनाचं, बुचासारखं हलकं. तो बियांचा झुपका असतो. एकाच खड्ड्यातून दोन-तीन रोपं वर आली तर हात सैल सुटला असं समजू नका. जास्तीची रोपं उपटू नका, शेजारचीही उखडतात. कात्रीने मातीलगत कापा आणि कोशिंबिरीत टाका. या झुपक्याच्या सालात उगवण रोखणारी द्रव्यं असतात आणि ती पाण्यात विरघळतात. पावसाने नीट भिजल्याशिवाय उगवायचं नाही, अशी ती तजवीज आहे. आपण रात्रभर भिजवून सकाळी ते पाणी ओतून दिलं की पावसाचं काम झालं.

आता उजेडाकडे येऊ. लेट्यूस हल्ली गॅलऱ्यांमध्ये फार लावतात आणि ते उगवत नाही अशी तक्रारही तितकीच असते. अमेरिकेत बेल्ट्सव्हिलच्या सरकारी कृषी संशोधन केंद्रात हॅरी बोर्थविक, स्टर्लिंग हेंड्रिक्स आणि सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये लेट्यूसच्या भिजवलेल्या बियांवर लाल प्रकाश सोडला, तर त्या उगवल्या. लगेच त्यावर अतिलाल (लालच्या पलीकडचा, डोळ्यांना जेमतेम दिसणारा) प्रकाश सोडला, तर त्या थांबल्या. मग लाल, अतिलाल, पुन्हा लाल असं कितीही वेळा आलटून पालटून केलं तरी बी ऐकायचं ते शेवटच्या प्रकाशाचं. यामागच्या रंगद्रव्याला पुढे फायटोक्रोम हे नाव मिळालं. यात बियाण्याचा शहाणपणा असा की हिरवी पानं लाल प्रकाश शोषून घेतात आणि अतिलाल खाली जाऊ देतात. म्हणजे डोक्यावर दुसऱ्या झाडांची गर्दी आहे की मोकळं आकाश, हे त्या मोहरीहून हलक्या बीला जमिनीवरूनच कळतं. म्हणून लेट्यूस मातीत पुरायचं नाही. वरच भुरभुरायचं आणि पाणी शिंपडायचं. इतर बियांना त्यांच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट माती पुरे.

लेट्यूसची दुसरी अट उष्णतेची. पारा तिशीच्या पुढे गेला की बहुतेक जातींचं बी झोपूनच राहतं. ते मरत नाही, नुसतं थांबतं. आणि आपल्या ऑक्टोबर हीटमध्ये दुपारच्या उन्हात ठेवलेली काळी प्लॅस्टिकची कुंडी हाताला चटका बसेल इतकी तापते. हवामान खात्याचा ३४ अंशांचा आकडा हवेचा असतो, कुंडीतल्या मातीचा नव्हे. तेव्हा लेट्यूसचा ट्रे उगवेपर्यंत घरातच, फरशीवर, उजेडाच्या जागी ठेवावा. गाजराचंही थोडं तसंच: बी बारीक, उगवण संथ, आणि त्या काळात वरचा थर एकदा जरी कडक वाळला तरी खेळ संपला. त्यावर ओलं गोणपाट टाकून ठेवावं आणि कोंब दिसला की त्याच दिवशी काढावं.

त्याच दिवशी, कारण अंधारात काय होतं ते आपण दर नवरात्रात बघतो. घटाभोवतीच्या मातीत पेरलेलं धान्य देवघराच्या अंधुक उजेडात भराभर उंच होतं, पिवळट आणि नाजूक. उजेड सापडेपर्यंत रोप साठवलेलं सगळं अन्न नुसतं लांब होण्यावर खर्च करतं. हिरवा रंग, जाड खोड, रुंद पानं नंतर. देवासमोर ते शोभून दिसतं. टोमॅटोची रोपं तशी झाली तर कुंडीत लावल्यावर मान टाकतात. कोंब वर आल्यापासून रोपांना भरपूर उजेड हवा आणि पाणी बेताचं. सतत ओल्या मातीत पिथियमसारख्या रोगजंतूंचं फावतं, आणि काल ताठ असलेली रोपं जमिनीलगत बारीक होऊन आडवी पडतात. पावसाळ्यात केलेल्या पेरण्या आपल्याकडे फसतात त्या बहुधा यामुळे.

मग पेरायचं कधी? मोसमी पाऊस मुंबई परिसरातून साधारण ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात परततो. टोमॅटो, मिरची, वांगी यांची रोपं त्याच सुमारास ट्रेमध्ये, सावलीत करायला घ्यावीत. मुळा कणखर आहे, त्याच्या पुसा चेतकीसारख्या जाती उष्णतेलाही दाद देत नाहीत. पालेभाज्यांना मात्र मी दिवाळीपर्यंत थांबायला सांगेन. आणि एकदम सगळं पाकीट ओतू नये. दर पंधरा दिवसांनी मूठभर. एरवी चाळीस दिवसांनी घरात पालकच पालक होतो, आणि तोही वाशीच्या मार्केटात पालक मातीमोल झालेला असताना. हिवाळी बागेने पैसे वाचत नाहीत, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

जागेचा हिशेब मात्र हिवाळ्यात आपल्या बाजूने असतो. ठाणे १९ अंश उत्तर अक्षांशाच्या जरासं वर आहे. जूनमध्ये भर दुपारी सूर्य डोक्यावर, किंबहुना किंचित उत्तरेकडे असतो, त्यामुळे दक्षिणेच्या गॅलरीत वरच्या स्लॅबची सावली पडते. २२ डिसेंबरच्या सुमारास तोच सूर्य दुपारी दक्षिणेला फक्त ४७ अंशांवर असतो. मध्ये कठडा आला नाही तर ऊन स्लॅबखालून अडीच मीटर आत येतं. पावसाळ्यात शेवाळ धरणारी गॅलरी डिसेंबरात बागेची सर्वोत्तम जागा ठरते. उलट बाजूही आहे. घोडबंदर रोडवरच्या ९० मीटर उंचीच्या टॉवरची सावली या दिवसांत भर दुपारीही उत्तरेकडे ८० मीटरच्या पुढे जाते. समोर दक्षिणेला असा टॉवर असेल तर टोमॅटोचा नाद सोडून मेथी-पालकावर समाधान मानावं. पाल्याला तीन-चार तासांचं ऊन पुरतं, फळभाजीला सहा तरी लागतं.

फ्लॉवरबद्दल मला जरा सविस्तर सांगायचंय, कारण दरवर्षी सर्वांत जास्त निराशा तोच करतो. इंग्लंडहून आलेलं त्याचं बी १८२२ मध्ये सहारनपूरच्या कंपनी बागेत लावलं गेलं. त्यानंतर उत्तर भारतातले शेतकरी आपल्या हवेत जे झाड टिकेल त्याचंच बी धरत गेले, आणि त्यातून उष्णता सोसणारा देशी फ्लॉवर तयार झाला. आज भारतात फ्लॉवरचे गट पडतात ते गड्डा धरायला लागणाऱ्या तापमानावरून. लवकर येणाऱ्या गटाला २० ते २७ अंश चालतात. मधल्या गटांना त्याहून कमी. स्नोबॉल प्रकाराला १० ते १६ अंश हवेत. ठाण्यात जानेवारीतही दिवसरात्रीची सरासरी २४ च्या आसपास. तेव्हा स्नोबॉलचं पाकीट आणलं तर झाड थंडीची वाट बघत पानामागून पानं काढत बसतं. गड्डा म्हणजे फुलं होण्याच्या तयारीतच थबकलेल्या कोवळ्या अंकुरांचा गच्च गोळा, आणि ती तयारी सुरू व्हायचा इशाराच मिळत नाही. पुसा दीपाली किंवा पुसा मेघनासारखी लवकरच्या गटातली जात मिळाली तर आशा आहे. तरीही बारा इंची कुंडी तीन महिने अडवून एक गड्डा, हा व्यवहार मला पटत नाही. त्याच जागेत नवलकोल तीन होतात.

टोमॅटोचं याच्या अगदी उलट. थंड देशांत तो उन्हाळी पीक आहे, आपल्याकडे त्याचा खरा मोसम हिवाळा. त्याचे परागकण उष्णतेला हळवे असतात. दिवसा ३५ आणि रात्री पंचविशीच्या वर पारा राहिला तर फुलं येतात आणि गळतात. डिसेंबर-फेब्रुवारीतल्या आपल्या रात्री त्याला मानवतात. अडचण उंचीची. टोमॅटोचे पराग फुलातल्या बंद नळीत असतात, टोकाच्या भोकातून बाहेर सांडण्यासाठी फूल थरथरावं लागतं. भुंगा फुलाला धरून अंग कंप पावतं करतो आणि पराग पाडतो. मधमाशीला हे जमत नाही. पंधराव्या मजल्यावर भुंगा येईलच असं नाही, कबुतरं मात्र नक्की येतात. म्हणून जाळी लावायची आणि भुंग्याचं काम आपण करायचं: सकाळी उशिरा, फुलं पूर्ण उमललेली असताना, घोसाच्या देठावर बोटाने दोन-तीन टिचक्या.

आणि वाल. ठाणे-रायगडच्या भातखाचरांत भात कापल्यावर मातीतल्या उरल्यासुरल्या ओलीवर वाल पेरतात, आणि त्याच शेंगांची पुढे पोपटी लागते, म्हणजे मडक्यात घालून त्या भाजतात. जुन्या जातीच्या वालपापडीचा वेल जूनमध्ये लावला तर ऑक्टोबर उजाडेपर्यंत फक्त पानं. तोच ऑक्टोबरात लावला तर लहान असतानाच फुलतो. वेल स्वतःचं वय मोजत नाही, रात्र मोजतो. ठाण्यात जूनमध्ये रात्र पावणेअकरा तासांची असते, डिसेंबरात तेरा तासांची. वनस्पती दिवस न मोजता अखंड अंधार मोजतात हे कार्ल हॅमनर आणि जेम्स बॉनर यांनी १९३८ मध्ये एका रानतणावर दाखवलं. लांब रात्रीत मध्येच थोडा वेळ दिवा लावला की ते फुलत नसे. अंधारात पडलेला उजेड ओळखणारं द्रव्य तेच, लेट्यूसच्या बीतलं फायटोक्रोम. तेव्हा सोसायटीचा मोठा हॅलोजन रात्रभर वेलावर पडत असेल आणि शेंगा लांबल्या असतील, तर खताच्या आधी कुंडीची जागा बदलून बघावी.

उरलेल्या बियांचं काय करायचं? अमेरिकी बीजशास्त्रज्ञ हॅरिंग्टन यांचा ढोबळ नियम आहे: बियांमधला ओलावा एक टक्क्याने उतरला की आयुष्य दुप्पट, आणि साठवणीचं तापमान ५ अंशांनी उतरलं की पुन्हा दुप्पट. ठाण्याच्या जुलैत उघडं पाकीट ड्रॉवरमध्ये राहिलं तर हाच नियम उलटा चालतो. कांद्याचं बी तर एरवीही वर्षभरातच थकतं. पाकिटं घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावीत. पुढच्या मोसमात पेरण्याआधी वीस बिया ओल्या सुती फडक्यात गुंडाळून बघाव्यात. दहाच उगवल्या तर दुप्पट दाट पेरायचं.

कोबी आणि स्नोबॉल फ्लॉवरचं बी आपल्या गॅलरीत धरण्याच्या फंदात पडू नये. फुलावर यायला त्यांना आठवडेच्या आठवडे कडक थंडी लागते, म्हणून त्यांचं बी हिमाचलात, कुलू खोऱ्यासारख्या ठिकाणी तयार होतं. मेथी, धणे, वाल आणि एफ-वन (पहिल्या पिढीचा संकरित) नसलेला टोमॅटो यांचं मात्र इथेच धरता येतं. वालाच्या शेंगा वेलावरच खुळखुळेपर्यंत वाळू द्याव्यात, दाणे काढून दोन दिवस उन्हात घालावेत, आणि भुंगेरे लागायच्या आत डबाबंद करावेत. मार्चमध्ये हे उरकलं की कुंड्या भेंडी-गवारीला मोकळ्या होतात.