तिकिटांवरची गुरुपरंपरा

आत्याच्या क्रमिक पुस्तक मालिकेच्या एका भागात, यमन रागाच्या पानांमध्ये, खुणेसाठी घातलेलं एक जुनं पाकीट सापडलं. पुस्तक पंडित विष्णु नारायण भातखंडे यांचं, आणि पाकिटावरचं तिकीटही त्यांचंच. किंमत 15 नवे पैसे. शिक्क्याचा काळा अर्धगोल तिकिटाच्या कोपऱ्यावरून पाकिटावर उतरलेला.

पाकिटावरचं तिकीट सोडवायचं असेल तर वाटीत कोमट पाणी घेतात आणि कापलेला तुकडा त्यात पालथा सोडतात. ओढायचं नाही, वाट पाहायची. दहा-पंधरा मिनिटांत कागद आपला आपण सुटतो, डिंक बोटांना बुळबुळीत लागतो. मग टीपकागदात ठेवून वर जाड पुस्तक. हे पाकीट मात्र मी पाण्यात घातलं नाही. शिक्का आणि पत्ता तिकिटासोबत राहिले, तर ते कुठून कुठे आणि कधी गेलं हे कळतं. सदाशिव पेठेत गाणं शिकणाऱ्या एका मुलीच्या हाती ते पडलं होतं, एवढं तरी या पाकिटामुळे टिकलं.

भातखंड्यांचं तिकीट निघालं 1 सप्टेंबर 1961 रोजी. त्यांचा जन्म मुंबईत वाळकेश्वरला, 10 ऑगस्ट 1860 चा. म्हणजे जन्मशताब्दीचं वर्ष सरल्यावर तीन आठवड्यांनी ते आलं. पण त्या काळी साध्या पत्राचा दर 15 नवे पैसे होता, आणि ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. संग्राहकांनी रांग लावून घ्यावं असं ते तिकीट नव्हतं. ते खुशालीच्या पत्राला लागलं, लग्नाच्या बोलणीच्या पत्राला लागलं. ज्यांनी आयुष्यात कधी राग ओळखला नसेल त्यांच्याही उंबऱ्यावर पोस्टमनने भातखंडे आणून टाकले.

संगीताचा तिकिटावरचा प्रवेश त्याआधी नऊ वर्षं झाला होता, पण वेगळ्या दाराने. स्वतंत्र भारताचं पहिलं तिकीट 21 नोव्हेंबर 1947 चं, तिरंग्याचं. 1 ऑक्टोबर 1952 रोजी संत आणि कवींची सहा तिकिटांची मालिका आली: कबीर, तुलसीदास, मीरा, सूरदास, गालिब आणि रवींद्रनाथ. यादी साहित्याची आहे. पण गाणाऱ्याने ती वाचली तर त्याच्या लगेच लक्षात येतं की हे सहाही जण गायले जातात. भजनात, गझलेत, रवींद्रसंगीतात. त्या काळात संगीताला सरकारी मान मिळाला तो असा शब्दाच्या आणि भक्तीच्या आडोशाने.

पुढची पायरीही भक्तीचीच होती. 6 जानेवारी 1961 रोजी त्यागराजांचं तिकीट निघालं. हा त्यांचा स्मृतिदिन. 1847 साली याच तारखेला ते गेले. 1964 च्या जानेवारीत पुरंदरदास आले. त्यांना गेल्याला तेव्हा 400 वर्षं होत होती. दक्षिणेत लहान मूल पहिले स्वरपाठ गिरवतं, ते त्यांनीच घालून दिले असं मानतात. 1975 मध्ये अमीर खुस्रो, 1976 मध्ये मुत्तुस्वामी दीक्षितर, 1985 मध्ये श्यामा शास्त्री. त्यागराज, दीक्षितर आणि श्यामा शास्त्री ही कर्नाटक संगीताची त्रिमूर्ती, तिघंही तिरुवारूरचे. एका गावात जन्मलेल्या या तिघांना तिकिटांवर एकत्र यायला 24 वर्षं लागली. तानसेन आला 1986 मध्ये. अकबराच्या दरबारातलं रत्न, पण संत-कवी आणि वाग्गेयकारांच्या, म्हणजे शब्द आणि चाल दोन्ही रचणाऱ्यांच्या, बऱ्याच मागून.

म्हणूनच 1961 चे भातखंडे मला वेगळे वाटतात. ते संत नव्हते, दरबारी गवईही नव्हते. वकील होते. 1887 मध्ये कायद्याची परीक्षा दिली, काही काळ कराचीत वकिली केली. त्याआधीच, 1884 पासून, मुंबईच्या गायन उत्तेजक मंडळीत त्यांचं जाणं-येणं होतं. ही पारशी मंडळींनी 1870 मध्ये काढलेली संस्था; तिथे त्यांनी उस्तादांकडून चिजा, म्हणजे रागांतल्या बंदिशी, मिळवल्या. 1904 मध्ये ते दक्षिणेच्या प्रवासाला निघाले; पंडितांना गाठून प्रश्न विचारायचे, हस्तलिखितं पाहायची, टिपणं काढायची. पुढे उत्तरेतही तेच. या सगळ्यातून ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ हा संस्कृत ग्रंथ झाला, 1910 मध्ये, ‘चतुर पंडित’ या नावाने. मग ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’चे चार खंड, तेही टोपणनावाने, पण मराठीत. देशभरच्या संगीतशिक्षणाचा पाया ठरलेलं हे विवेचन गुरु-शिष्याच्या प्रश्नोत्तरांच्या रूपात आधी आपल्या भाषेत लिहिलं गेलं, ही गोष्ट मराठी माणसाने विसरू नये असं मला मनापासून वाटतं.

आत्याच्या त्या पुस्तकाचं कुठलंही पान उघडा. कोमल स्वराच्या खाली आडवी रेघ, तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ. मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकाचं टिंब खाली, तार, म्हणजे वरच्या सप्तकाचं वर. तालाच्या पहिल्या मात्रेला, म्हणजे समेला, फुली; टाळी न देण्याच्या जागेला, म्हणजे ‘खाली’ला, शून्य. बस, एवढंच. छापखान्यातल्या साध्या खिळ्यांनी जुळवता येईल, शाळकरी मुलाला आठवड्यात वाचता येईल अशी ही लिपी. उस्तादाच्या गळ्यातली मींड, एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकत जाणं, या रेघांत सापडत नाही, हा आक्षेप तेव्हाही होता आणि आजही आहे, आणि तो बरोबरच आहे. पण ज्या घरात उस्ताद येणार नव्हता तिथे ही पुस्तकं पोहोचली. आत्याने पेन्सिलीने समेच्या फुल्या गडद केल्या आहेत. त्यावर बोट ठेवून तिने एकटीने कितीदा तरी तो यमन घोकला असणार.

भातखंड्यांनी पुस्तकं लिहिली, 1916 मध्ये बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरवली, 1918 मध्ये ग्वाल्हेरचं माधव संगीत महाविद्यालय आणि 1926 मध्ये लखनौचं मॅरिस कॉलेज उभं करण्यात पुढाकार घेतला. त्याच काळात दुसरे एक विष्णु हेच काम वेगळ्या रीतीने करत होते. विष्णु दिगंबर पलुस्करांचं तिकीट 21 जुलै 1973 चं, भातखंड्यांनंतर बारा वर्षांनी.

पलुस्कर कुरुंदवाडचे, कीर्तनकाराचे चिरंजीव. लहानपणी फटाका तोंडाजवळ उडाला आणि दृष्टी अधू झाली. शिक्षणाचे नेहमीचे मार्ग बंद झाले म्हणून मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला ठेवलं. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणून रुजवणारे ते हे बाळकृष्णबुवा. 1896 मध्ये पलुस्कर मिरज सोडून उत्तरेकडे गेले आणि 5 मे 1901 रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. कुणा संस्थानिकाच्या आश्रयावर नव्हे, तर जलशांच्या आणि वर्गणीच्या पैशावर. गवयाकडे घरंदाज लोक संशयाने पाहत होते तो हा काळ. त्यांनी शाळा काढली, वेळापत्रक लावलं, परीक्षा घेतल्या, स्वतःची स्वरलिपी केली. तिच्यात प्रत्येक स्वराखाली मात्रेचं चिन्ह असतं. लयीच्या बाबतीत ती भातखंडे लिपीपेक्षा काटेकोर आहे. मुंबईला विद्यालयाची इमारत बांधली, ती मात्र कर्जापायी हातची गेली. 1923 च्या काकीनाडा काँग्रेसमध्ये ‘वंदे मातरम्’ला अध्यक्षांनी हरकत घेतली, तरी पलुस्करांनी ते पूर्ण गायलं. 21 ऑगस्ट 1931 रोजी मिरजेतच त्यांनी देह ठेवला.

पुढच्याच वर्षी, 1932 मध्ये, त्यांचे शिष्य विनायकबुवा पटवर्धनांनी पुण्यात गांधर्व महाविद्यालय स्थापन केलं. शनिवार पेठेतल्या त्या वास्तूवरून संध्याकाळी जाताना आजही चार खोल्यांतून चार राग एकदम ऐकू येतात. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार हे शब्द पुण्याच्या मध्यमवर्गीय घरात दहावी-बारावीइतके सहज बोलले जातात, त्याचं मूळ लाहोरच्या त्या शाळेत आहे.

पुण्याला हे सगळं अगदी नवं होतं असं नाही. पुणे गायन समाज 1874 मध्येच निघाला होता आणि त्याची एक शाखा चक्क मद्रासला होती. 1911 मध्ये भास्करबुवा बखल्यांनी भारत गायन समाज सुरू केला. बडोद्याचे फैज महंमद खाँ, आग्र्याचे नत्थन खाँ आणि जयपूरचे अल्लादिया खाँ अशा तिघांची तालीम घेतलेला हा माणूस, आणि बालगंधर्वांचा गुरु. 1913 मध्ये अब्दुल करीम खाँसाहेबांनी पुण्यातच आर्य संगीत विद्यालय काढलं. वेगवेगळ्या घराण्यांचे रस्ते त्या दोन-तीन वर्षांत एका शहरात येऊन मिळाले.

रंगमंचावरच्या मराठी कलावंतांची तिकिटं येईपर्यंत 1988 उजाडलं. ते बालगंधर्वांचं, जन्मशताब्दीच्या वर्षी. टिळकांनी ज्यांना बालगंधर्व म्हटलं, ज्यांच्या नावाचं रंगमंदिर जंगली महाराज रस्त्यावर आहे आणि ज्यांनी स्वतःच्या हाताने त्याची कोनशिला बसवली, ते 1967 मध्ये पुण्यातच गेले. 29 डिसेंबर 1993 रोजी, म्हणजे वाढदिवसाला, मास्टर दीनानाथांचं तिकीट निघालं. त्यांचाही शेवट पुण्यातच झाला होता, 1942 मध्ये. मग 1997 मध्ये ओंकारनाथ ठाकूर, 1999 मध्ये उस्ताद अल्लाउद्दीन खाँ, 2003 मध्ये बडे गुलाम अली खाँ, 2005 मध्ये सुब्बुलक्ष्मी, 2008 मध्ये बिस्मिल्ला खाँ.

हा क्रम पाहिला की आपल्या समाजाने संगीताकडे कसं पाहिलं ते कळतं. आधी संत, मग वाग्गेयकार, मग ग्रंथकार आणि शाळा काढणारे, आणि खूप मागून प्रत्यक्ष गाणारे-वाजवणारे. पोथी आणि पाटी यांना मिळालेला मान मैफलीला मिळायला तीस-चाळीस वर्षं लागली. उस्तादांना आणि गाणाऱ्या बायकांना तर त्याहूनही उशीर, आणि याचं मला वाईट वाटतं. भातखंड्यांनी ज्या चिजा लिहून घेतल्या त्या याच लोकांच्या घरांत जपलेल्या होत्या.

तिकीट माणसाच्या पश्चात निघावं हा सर्वसाधारण रिवाज. त्याला अपवाद होऊन 1958 मध्ये, शंभराव्या वाढदिवसाला, महर्षी कर्व्यांचं तिकीट त्यांच्या हयातीत निघालं; तेही पुण्याचेच. गवयांना ते भाग्य लाभल्याचं मला तरी ठाऊक नाही.

3 सप्टेंबर 2014 रोजी आठ तिकिटं एकदम आली: रविशंकर, अली अकबर खाँ, विलायत खाँ, भीमसेन जोशी, गंगूबाई हनगल, कुमार गंधर्व, मल्लिकार्जुन मन्सूर आणि डी. के. पट्टम्माळ. पण तोवर पत्रं लिहिणं थांबलं होतं. 1961 चं तिकीट न मागता घरी आलं. हे आठ जण मला कॅम्पातल्या मुख्य टपाल कार्यालयात जाऊन फिलाटेली ब्युरोच्या खिडकीवर मागून आणावे लागले. त्यांच्यावर शिक्का नाही, मागे पूर्ण डिंक आहे, आणि ते कुठेही गेलेले नाहीत.

अल्बममध्ये तारखेच्या क्रमाने लावली तर ही आठ तिकिटं शेवटच्या पानावर सुटी पडतात. म्हणून मी ती काढून गुरु-शिष्याच्या क्रमाने लावली, आणि पानांचं रूपच पालटलं. रविशंकर आणि अली अकबर गेले 1999 च्या अल्लाउद्दीन खाँच्या खाली. एक शिष्य, दुसरा मुलगा आणि शिष्य. पट्टम्माळ गेल्या दीक्षितरांच्या शेजारी, कारण दीक्षितरांच्या कृती गाण्यात त्यांची ख्याती. कुमार गंधर्वांचे गुरु बी. आर. देवधर, आणि देवधर पलुस्करांचे शिष्य. म्हणजे 2014 चं तिकीट 1973 च्या खाली. ओंकारनाथही त्याच खणात. मल्लिकार्जुन मन्सूरांची सुरुवातीची तालीम नीलकंठबुवा मिरजकरांकडची, आणि तेही बाळकृष्णबुवांचेच शिष्य. मिरजेच्या एका घरातून निघालेल्या वाटा चार तिकिटांपर्यंत आल्या.

राहिले भीमसेन आणि गंगूबाई. दोघांचे गुरु एकच, कुंदगोळचे रामभाऊ, म्हणजे सवाई गंधर्व, अब्दुल करीम खाँसाहेबांचे शिष्य. गंगूबाई हुबळीहून रेल्वेने कुंदगोळला तालमीला जायच्या. घर सोडून गुरूच्या शोधात भटकलेला भीमसेन 1936 मध्ये सवाई गंधर्वांच्या दारी पोहोचला आणि घरातली कामं करत शिकला. गदग, धारवाड, मन्सूर, सुळेभावी: या आठांतले चौघे त्याच एका टापूत जन्मले आणि तिथली घरं मराठी आणि कानडी दोन्ही जाणणारी.

1946 च्या जानेवारीत सवाई गंधर्वांच्या षष्ट्यब्दीला भीमसेन पुण्यात गायले आणि या शहराचे झाले. 12 सप्टेंबर 1952 रोजी गुरु पुण्यातच गेले; ती संत-कवींची मालिका निघायला तेव्हा तीन आठवडेही उरले नव्हते. पुढच्या वर्षी गुरूच्या स्मरणार्थ महोत्सव सुरू झाला. रमणबागेच्या पटांगणात सतरंजीवर बसून आत्याने तो कित्येक वर्षं ऐकला, शेवटच्या दिवशी पहाटे भीमसेनांचं गाणं होईपर्यंत.

अल्बमच्या त्या पानावर भीमसेन डावीकडे आणि गंगूबाई उजवीकडे आहेत. मधल्या जागेत, वरच्या बाजूला, मी पेन्सिलीने सवाई गंधर्वांचं नाव लिहिलं आहे. भातखंड्यांचं पाकीट अल्बममध्ये मावत नाही. ते परत यमनच्या पानांत ठेवलं.