आपत्कालीन पतहमी योजना

कोरोना महासाथीत अडचणीत आलेल्या उद्योगधंद्यांना खेळते भांडवल मिळावे म्हणून केंद्र सरकारने मे २०२० मध्ये सुरू केलेली कर्जहमी योजना. बँकांमध्ये ती ‘ईसीएलजीएस’ (इमर्जन्सी क्रेडिट लाइन गॅरंटी स्कीम) या आद्याक्षरांनीच ओळखली गेली. १२ मे रोजी जाहीर झालेल्या आत्मनिर्भर भारत पॅकेजचा एकूण आकडा २० लाख कोटी रुपयांचा होता. त्यात लघुउद्योगांच्या वाट्याला आलेला सर्वांत मोठा भाग या योजनेचा. हमीची मर्यादा सुरुवातीला ३ लाख कोटी होती, ती २०२२ च्या अर्थसंकल्पात ५ लाख कोटींवर गेली.

२५ मार्च २०२० पासून देश बंद झाला आणि गल्ल्यातली आवक थांबली. जागेचे भाडे, पगार, कर्जावरचे व्याज मात्र चालूच राहिले. एप्रिल ते जून या तिमाहीत सकल देशांतर्गत उत्पादन सुमारे २४ टक्क्यांनी घटले. रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर, ५.१५ टक्क्यांवरून दोन टप्प्यांत ४ टक्क्यांवर आणला, हप्त्यांना ऑगस्टअखेरपर्यंत मुदत दिली. तरी बँका नवे कर्ज द्यायला धजत नव्हत्या. त्यांच्याकडे पैसा भरपूर होता. उद्या कर्ज बुडाले तर भरणार कोण, इथे घोडे अडले होते.

तो भार सरकारने उचलला. २९ फेब्रुवारी २०२० रोजी खात्यावर जी कर्जबाकी असेल, तिच्या २० टक्क्यांपर्यंत जादा कर्ज द्यायचे आणि ते बुडाल्यास पूर्ण रक्कम सरकारच्याच राष्ट्रीय पतहमी विश्वस्त कंपनीने भरायची, अशी ही रचना. हमीशुल्क नाही, नवे तारण नाही. मुदत ४ वर्षे, पहिले वर्ष फक्त व्याज. व्याजदर बँकांना ९.२५ आणि बिगरबँक वित्तीय कंपन्यांना १४ टक्क्यांपर्यंतच ठेवता येई. कर्जदाराने खेटे घालण्याऐवजी बँकेनेच मंजुरीचा देकार पाठवायचा, नको असेल त्याने तसे कळवायचे, ही तरतूद आपल्याकडच्या बँकव्यवहारात खरोखर नवी होती आणि योजनेच्या वेगाचे बरेचसे श्रेय तिला जाते.

पुढे हॉटेल व पर्यटन व्यवसायांसाठी जादा कर्जाचे प्रमाण ४० टक्के झाले. मे २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेत रुग्ण प्राणवायूवाचून तडफडत असताना, रुग्णालयांना प्राणवायूचे प्रकल्प उभारण्यासाठी ७.५ टक्क्यांपर्यंतच्या व्याजाने २ कोटींपर्यंतचे कर्जही योजनेत आले.

याच काळात नियमही बदलले. कर्ज थकवणाऱ्या कंपन्यांवर कारवाई करणाऱ्या दिवाळखोरी संहितेखाली, २५ मार्च २०२० पासून वर्षभरात झालेल्या थकबाकीसाठी अर्ज करण्यास मनाई झाली. १ जुलै २०२० पासून लघुउद्योगाची व्याख्या गुंतवणुकीबरोबर उलाढालीवरही ठरू लागली. यंत्रसामग्रीत १० कोटींपर्यंत गुंतवणूक आणि ५० कोटींपर्यंत उलाढाल असलेला उद्योग लघु गणला गेला. आधी उत्पादक लघुउद्योगासाठी गुंतवणुकीची मर्यादा ५ कोटी होती. सवलती जातील या धास्तीने कारखाना लहानच ठेवणाऱ्यांना त्यामुळे मोकळीक मिळाली.

योजना ३१ मार्च २०२३ रोजी संपली. तोवर सुमारे १ कोटी १९ लाख कर्जदारांना लाभ झाला होता. स्टेट बँकेच्या संशोधन विभागाने जानेवारी २०२२ मध्ये काढलेल्या अंदाजानुसार किमान साडेतेरा लाख उद्योगांची खाती बुडीत होण्यापासून वाचली.

तरीही हे कर्जच होते, फेडायचेच होते. अमेरिकेत कामगारांचे पगार चालू ठेवणाऱ्या धंद्यांची महासाथीतली कर्जे माफ होऊ शकत; इथे तशी सोय नव्हती, आणि बंद दुकानात न झालेली विक्री कर्जाने भरून येत नाही. त्याहून जिव्हारी लागणारी त्रुटी २९ फेब्रुवारीच्या अटीत होती. ज्याच्या नावावर त्या दिवशी बँकेचे कर्जच नव्हते, त्याला २० टक्के कशाचे मिळणार? उधारीवर, भिशीवर किंवा सावकाराच्या पैशावर चालणारे असंख्य छोटे धंदे त्यामुळे बाहेर राहिले. त्यांपैकी शहरांतल्या फेरीवाल्यांसाठी १ जून २०२० रोजी पीएम स्वनिधी ही वेगळी योजना आली. तिचे पहिले कर्ज १० हजार रुपयांचे होते. ते वेळेवर फेडणाऱ्याला पुढे २० हजार आणि मग ५० हजार मिळत.